यासुनीचं तेल की जंगल: तक्त्यात नेमकं काय मांडायचं?

गोरेवाडा_काठ

नमस्कार मंडळी. पर्यावरण परिणाम अहवाल कसा वाचावा, याचा नागपूरच्या धंतोलीत दर शनिवारी एक छोटा अभ्यासवर्ग चालतो. कोळसा, मँगनीज किंवा सुरजागडच्या लोखंडाचा विषय काढला की अर्धा वर्ग आधीच बाजू घेऊन बसतो. म्हणून या वेळी मुद्दाम दूरचं प्रकरण घेतलंय: एक्वाडोरमधलं यासुनीचं वर्षावन.

वर्गाला दिलेली माहिती थोडक्यात अशी. राष्ट्रीय उद्यान १९७९ पासून, युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र १९८९ पासून, विस्तार सुमारे १० लाख हेक्टर. त्याच्या पूर्व टोकाला इश्पिंगो-तांबोकोचा-तिपुतिनी (पुढे नुसतं आयटीटी म्हणतो) हे तेलक्षेत्र, २००७ च्या अंदाजानुसार ८४.६ कोटी बॅरल. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष कोरेआंनी जगापुढे प्रस्ताव ठेवला: निम्म्या उत्पन्नाइतके, म्हणजे ३६० कोटी डॉलर द्या, आम्ही तेल जमिनीतच ठेवतो. २०१३ मध्ये पैसे आले नाहीत म्हणून प्रस्ताव गुंडाळला, २०१६ मध्ये उपसा सुरू झाला आणि २० ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के लोकांनी 'तेल जमिनीतच राहू द्या' असा कौल दिला.

यावरून वर्गाला तेल आणि जंगल यांच्या फायद्या-तोट्याचा तक्ता करायला द्यायचाय. तो करताना तीन ठिकाणी अडलोय.

१. कंपनीच्या बाजूचा मुख्य आकडा 'बाधित क्षेत्र फक्त ३०० हेक्टर'. दहा लाखांत तीनशे म्हणजे काहीच नाही असं पोरं म्हणतात. हा आकडा खोटा आहे का?
२. तेलाचे डॉलर आणि एखाद्या जमातीची जगण्याची रीत एकाच स्तंभात कशी मांडायची? गुण देऊन बेरीज करायची का?
३. कौल मिळाला, मग बंद करायला एवढा वेळ का लागतो?

भावनिक उत्तरं नकोत, वर्गात ती आपोआप येतात. आकडे आणि कार्यपद्धती हवी.

---

खोदकाम्या

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. आकडा खोटा नाही, अपुरा आहे. २०१३ मध्ये तिथल्या संसदेने १,०३० हेक्टरची मर्यादा घातली होती, फेब्रुवारी २०१८ च्या सार्वमताने ती ३०० वर आणली. ही मर्यादा जमिनीवर व्यापलेल्या जागेची आहे. तेलक्षेत्राचा खरा व्याप तीन ठिकाणी असतो: पाणी, खोदाईतून निघणारा चुरा आणि तेल वाहून नेणारा नळ.

आधी पॅड, म्हणजे खोदाईसाठी सपाट केलेली जागा. एका पॅडवर वीस-तीस विहिरी गुच्छासारख्या खोदतात, तिरप्या. त्यामुळे तीन-चार हेक्टरच्या जागेवरून बऱ्याच मोठ्या साठ्यापर्यंत पोचता येतं. ही खरी सुधारणा आहे, तिचं श्रेय द्या. पण मर्यादाही सांगा: साठा उथळ असेल तर आडवी मजल कमी पडते. खोलीच्या दुपटीपर्यंत नेणं साधारण जमतं, त्यापुढे नळीचा भिंतीशी घसारा इतका वाढतो की तोंडावर वजनच पोचत नाही. मग आणखी एक पॅड लागतो, त्याला आणखी एक रस्ता. 'तिरपी विहीर म्हणजे जंगलाला धक्का नाही' हे वाक्य अहवालात दिसलं की लगेच विचारा: साठा किती खोल आणि पॅडपासून सर्वांत लांबचा बिंदू किती?

चुरा. सव्वाबारा इंची भोकाच्या दर मीटरला ०.०७६ घनमीटर खडक वर येतो, हजार मीटरला ७६. मोकळा झाला की फुगून तो दीडपट होतो, आणि त्याला खोदाईचा चिखल चिकटलेला असतो. चिखल पाण्याचा असेल तर काम सोपं, तेलाचा असेल तर चुरा धुतल्याशिवाय किंवा तापवल्याशिवाय जमिनीत पुरता येत नाही. पावसाळी जंगलात उघडा खड्डा म्हणजे भरून वाहणारा खड्डा, तिथे वर्षभरच आपल्यासारखा आषाढ असतो.

आणि पाणी. हा भाग वर्गात दाबून शिकवा. आयटीटीचं तेल जड, खाली जोरदार पाण्याचा थर. उपसा वाढवला की पाणी शंकूसारखं वर चढतं आणि तेलाआधी पंपात शिरतं. २०२३ च्या सुमाराला तिथे दिवसाला सुमारे ५५,००० बॅरल तेल निघत होतं. वर येणाऱ्या द्रवात ९० टक्के पाणी धरा (जुन्या क्षेत्रांत ते याहूनही जास्त असतं), तर दिवसाला ४,९५,००० बॅरल पाणी होतं. एक बॅरल १५९ लिटर, म्हणजे जवळपास ७ कोटी ८७ लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांत फिरतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज ७,८७० टँकर. खारट, गरम, तेलाचा तवंग असलेलं.

ते परत जमिनीत दाबायचं असतं. एका विहिरीने दिवसाला १५,००० बॅरल घेतले तर ३३ विहिरी फक्त पाण्यासाठी. बिघडतं ते असं: पाण्यातले तेलाचे थेंब आणि बारीक गाळ खडकाची छिद्रं बुजवतात, दाब वाढवावा लागतो, जास्त वाढवला की खडक फाटतो आणि पाणी नको त्या थरात जातं. जोडीला गंधकावर जगणारे जिवाणू नळ्या कुरतडतात. एखादा पंप बंद पडला तर पर्याय दोनच, उपसा थांबवा किंवा ओढ्यात सोडा. अहवालात सुटा जादा पंप आणि साठवण टाक्यांची क्षमता किती तासांची आहे ते बघा. २४ तासांपेक्षा कमी असेल तर आणीबाणीत काय होणार, हे आत्ताच ठरलेलं आहे.

उत्तरेकडच्या लागो आग्रियोमध्ये १९६४ ते १९९० च्या कामात नेमकं हेच झालं. पाणी ओढ्यांत आणि शेकडो बिनअस्तराच्या खड्ड्यांत गेलं. त्यावरून टेक्साकोवर (आता शेवरॉन) झालेला खटला कोणी जिंकला हा वेगळा गुंता आहे (एक्वाडोरच्या न्यायालयाने ९५० कोटी डॉलर ठरवले, अमेरिकेच्या न्यायालयाने २०१४ मध्ये तो निकाल फसवणुकीने मिळवल्याचं म्हटलं, २०१८ मध्ये हेगचा लवादही कंपनीच्या बाजूने गेला). जबाबदार कोण यावर वाद आहे, खड्डे होते यावर नाही. वर्गात हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

नळाचं उद्या लिहितो.

---

सालई_सागवान

खोदकाम्या भाऊंनी जमिनीखालचं सांगितलं, मी वरचं सांगते. तीनशे हेक्टरांनी जंगल मरत नाही. रस्त्याने मरतं.

हिशोब अगदी सोपा आहे. नवा रस्ता झाला की दोन्ही बाजूंनी साधारण पाच-पाच किलोमीटरपर्यंत झाडतोड, शेती आणि शिकार पोचते. म्हणजे एका किलोमीटर रस्त्यामागे दहा चौरस किलोमीटर, एक हजार हेक्टर. शंभर किलोमीटर रस्ता म्हणजे एक लाख हेक्टर. पोरांना फळ्यावर ३०० च्या शेजारी १,००,००० लिहून दाखवा.

यासुनीत याचा जवळजवळ प्रयोगशाळेसारखा दाखला आहे. उद्यानाच्या पश्चिमेला औका रस्ता, तिथे कोणालाही यायला मोकळीक होती. माशाच्या काट्यासारखी जंगलतोड आजही उपग्रहचित्रात दिसते. दुसरा, नव्वदच्या दशकातला मॅक्सस रस्ता, उद्यानात शिरणारा, सुमारे दीडशे किलोमीटर. तिथे कंपनीने नाका लावला आणि वसाहतदारांना आत येऊ दिलं नाही. झाडतोड खरोखर कमी राहिली. पण वाओरानी आणि किच्वा या तिथल्या आदिवासी जमातींची कुटुंबं रस्त्याकाठी येऊन राहिली, फुकट वाहतूक मिळाली, बंदुका आल्या आणि रस्त्याच्या टोकाला पोंपेयात रानमांसाचा बाजार उभा राहिला. २००५ ते २००७ च्या मोजणीत तिथे वर्षाला दहा टनांहून जास्त मांस विकलं गेलं. उपग्रहाला जंगल हिरवंच दिसतं, आतून मात्र रानडुकरं, पाका (मोठा कृंतक प्राणी) आणि लोकरी माकडं गायब. बिया पसरवणारी तीच, त्यामुळे मोठ्या बियांच्या झाडांची पुढची पिढी पन्नास वर्षांनी कमी पडते. हे नुकसान 'वृक्षाच्छादन टक्केवारी' या रकान्यात कधीच येत नाही. तक्त्यात शिकारीचा वेगळा रकाना करा.

आयटीटीत बाहेरून येणारा सलग रस्ता नाही, सामान नापो नदीतून तराफ्यांवर येतं. ही जमेची बाजू. पण आत पॅडना जोडणारे रस्ते आहेतच, आणि उद्या कोणी ते नदीपलीकडच्या रस्त्याला जोडले तर वरचं गणित सुरू होतं. म्हणून बिनरस्त्याचा पर्याय खर्चासकट मागा. ब्राझीलच्या उरुकूमध्ये पेट्रोब्रास ही तेलकंपनी १९८६ पासून नदी आणि विमानावर काम चालवते. महाग पडतं, पण अशक्य नाही.

एक बारीक गोष्ट. आपल्याकडे पेंचमधल्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर वन्यजीवांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल केले, ते वाघ-चितळांना चालतात. वर्षावनात हा नमुना उचलून चालणार नाही. तिथली निम्मी वर्दळ झाडांच्या शेंड्यात असते आणि कोळी माकड जमिनीवर उतरायला तयार नसतं. पेरूत उरुबांबाच्या खालच्या भागात गॅसनळ टाकताना पट्ट्यावर ठिकठिकाणी दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या तशाच ठेवल्या, असे १३ पूल, आणि प्राण्यांनी ते भरपूर वापरले. अट एकच: कोणत्या झाडाला हात लावायचा नाही हे कापणी सुरू व्हायच्या आधी, नळाच्या आखणीच्या वेळीच ठरवावं लागतं. नंतर दोर बांधून तेवढं साधत नाही.

---

संत्रानगरी_७

काऊन भाऊ, सगळं एकाच बाजूनं चाललंय. नागपुरात पंख्याखाली बसून एक्वाडोरला तेल काढू नका सांगायला काय जातं?

दोन गोष्टी तक्त्यात टाका. एक, ज्या ओरेयाना प्रांतात हे तेल आहे, तिथल्या बहुमताने २०२३ मध्ये उपसा चालू ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. 'तेल जमिनीत ठेवा'ची मतं मुख्यतः दूरच्या शहरांतून आली. दोन, जगाने ३६० कोटींपैकी प्रत्यक्षात दिले किती? सुमारे १ कोटी ३३ लाख डॉलर. हजारामागे चारसुद्धा नाहीत. गरीब देशाने शाळा-दवाखाने कशावर चालवायचे?

---

आकडेमोड

संत्रानगरी यांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही तक्त्यात यायलाच हवेत. फक्त त्यांच्यापुढे आणखी काही आकडे ठेवतो.

८४.६ कोटी बॅरल म्हणजे केवढं? जगाचा वापर दिवसाला सुमारे १० कोटी बॅरल, म्हणजे साडेआठ दिवसांचं तेल. एकट्या भारताला (दिवसाला ५५ लाख धरले तर) पाच महिने.

देशाला मिळणारे पैसे: ५५,००० गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला सुमारे दोन कोटी बॅरल. जड तेलाला भाव कमी, खर्च जास्त. बॅरलमागे निव्वळ २० डॉलर हाती राहिले असं धरा, वर्षाला ४० कोटी डॉलर. एक्वाडोरची लोकसंख्या सुमारे १.८ कोटी, म्हणजे माणशी वर्षाला २२ डॉलर. नगण्य नाही, पण देश तरेल किंवा बुडेल एवढंही नाही. वीसऐवजी दहा आणि तीस घालून बघा, वर्गाला संवेदनशीलता म्हणजे काय ते लगेच कळेल. आणि पाण्याचं प्रमाण ९० वरून ९५ टक्क्यांवर गेलं की त्याच तेलामागे दुपटीहून जास्त पाणी उचलायचं, दाबायचं, त्याची वीज भरायची. तेलक्षेत्र म्हातारं होतं तसा हा निव्वळ आकडा आपोआप घसरतो. प्रकल्प अहवालात मात्र पहिल्या पाच वर्षांचा ताठ आकडा छापलेला असतो.

कार्बन: २००७ च्या प्रस्तावात ४० कोटी ७० लाख टन कार्बन डायऑक्साइड टळेल असं म्हटलं होतं. ३६० ला ४०.७ ने भागा, टनामागे नऊ डॉलरही नाही. भाव म्हणून हा स्वस्त होता. तरी देणारे का बिचकले? कारण हमी कशाची, हे नीट सांगता येईना. पुढचं सरकार आलं आणि त्याने खोदलं तर पैसे परत कोण देणार? शिवाय इथे न काढलेलं तेल दुसरा कोणीतरी थोडंफार जास्त काढून विकतो, म्हणून सगळेच ४०.७ कोटी टन टळले असं मोजता येत नाही. पर्यावरणवाले हा मुद्दा टाळतात. टाळू नका, त्याने तक्ता कमजोर होत नाही.

आता खरी मेख, वटावाचा दर. आजपासून २५ वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं तर सहा रुपयांचं दिसतं, ४ टक्क्यांनी साडेसदतीस रुपयांचं. तेलाचं उत्पन्न पहिल्या दहा वर्षांत येतं, जंगलाचं नुकसान आणि विहिरी बुजवण्याचा खर्च शेवटी. म्हणजे दर वाढवला की प्रकल्प आपोआप 'फायद्यात' जातो, कोणी खोटं न बोलताही. वर्गाला एकच तक्ता १२, ८ आणि ४ टक्क्यांनी तीनदा करायला सांगा. आणि बुजवण्याचा खर्च वटवून लहान करू देऊ नका, तो पहिल्या बॅरलपासून वेगळ्या खात्यात रोख जमा व्हायला हवा. कंपनीचं हमीपत्र म्हणजे रोख नव्हे.

ओरेयानाच्या मताबद्दल: तिथल्या नगरपालिकांचा निधी आणि नोकऱ्या तेलावर उभ्या आहेत. आपल्याकडे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा थांबला तर चंद्रपूर-गडचिरोलीत काय होईल, याची कल्पना करा. त्या मताचा अर्थ 'आम्हाला जंगल नको' असा लावू नका, 'आमची पर्यायी सोय कुठे आहे?' असा लावा. तक्त्यात त्यासाठी एक ओळ हवी: उपसा थांबला तर स्थानिकांच्या हातातून किती जातं आणि ते कोण, किती वर्षं भरून देणार. सार्वमताच्या मतपत्रिकेवर ही ओळ नव्हती.

---

ग्रामसभा_ठराव

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. गुण देऊन बेरीज अजिबात करू नका. काही गोष्टी वजन करायच्या असतात, काही दारावर तपासायच्या. दार बंद असेल तर तराजू काढायचाच नाही.

पहिलं दार: तागाएरी आणि तारोमेनाने. वाओरानींचे हे भाऊबंद बाहेरच्यांशी संबंध ठेवत नाहीत, मुद्दाम. एक्वाडोरच्या २००८ च्या राज्यघटनेचं ५७ वं कलम अशा लोकांच्या प्रदेशात कुठलाही उपसा निषिद्ध ठरवतं आणि भंग झाला तर त्याला जमातसंहाराचा (एथ्नोसाइड) गुन्हा मानतं. त्यांच्यासाठीचा, उपशाला बंदी असलेला राखीव पट्टा १९९९ मध्ये जाहीर झाला, हद्द २००७ मध्ये आखली गेली, भोवती दहा किलोमीटरची राखण. अडचण अशी की नकाशावरची रेघ त्यांना कोणी दाखवलेली नाही. शिकारीमागे, ताडाच्या फळांमागे ते हिंडतात. म्हणून 'विहीर रेघेबाहेर आहे' हे उत्तर पुरेसं नाही. आवाज, दिवे, हेलिकॉप्टरचा मार्ग, रानडुकरांच्या कळपांचं सरकणं, हे सगळं रेघेच्या आत पोचतं.

'भरपाई देऊ' हे इथे का चालत नाही? कारण पहिलं नुकसान सर्दी-खोकल्याचं असतं. पेरूत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेलशोधासाठी जंगलात वाटा पडल्या, त्या वाटांनी लाकूडतोडे शिरले, १९८४ च्या संपर्कानंतर नाहुआ जमातीतली निम्म्याहून जास्त माणसं श्वसनाच्या आजारांनी गेली. मेलेल्याला रॉयल्टी देता येत नाही, आणि जो भेटतच नाही त्याची संमतीही घेता येत नाही. अंदमानातल्या सेंटिनेलींना सल्लामसलतीची नोटीस कशी बजावणार? तसंच हे. दार बंद.

दुसरं दार संमतीचं, संपर्कात असलेल्यांसाठी. यात कागद आणि प्रत्यक्ष यांत फार अंतर असतं. तपासायचं ते हे: माहिती त्यांच्या भाषेत दिली का? वाओरानींची वाओ भाषा कुठल्याच माहीत असलेल्या भाषाकुळात बसत नाही, 'बॅरल' किंवा 'संभाव्य साठा' यांना तयार शब्द नाहीत, म्हणजे दुभाष्याला महिने द्यावे लागतात. सभा कोणी बोलावली, कंपनीने की गावाने आपल्या रीतीने? सभेआधी नोकऱ्या, औषधं, बोटीचं इंजिन वाटलं का? आणि 'नाही' म्हणाले तर प्रकल्प थांबतो, की फक्त 'हरकत नोंदवली' असं लिहून पुढे जातो? पास्तासा प्रांतातल्या वाओरानींनी २०१९ मध्ये याच मुद्द्यावर न्यायालयात १,८०,००० हेक्टरवरचा लिलाव अडवला. विमानाने गावागावात जाऊन आलेल्या पथकाला सल्लामसलत म्हणत नाहीत, हे तिथे सिद्ध झालं.

त्याआधीचं सारायाकू प्रकरण नागपूरकरांना जवळचं वाटेल. भूकंपीय सर्वेक्षणासाठी किच्वांच्या जंगलात न विचारता सुमारे १.४ टन पेंटोलाइट हे स्फोटक पेरून ठेवलं. आंतरअमेरिकी न्यायालयाने २०१२ मध्ये सरकारला दोषी धरलं. पेंटोलाइट म्हणजे काय हे आपल्याकडे समजावायला नको, भोवती स्फोटकांचे इतके कारखाने आहेत आणि परवाने देणाऱ्या संघटनेचं मुख्यालयच नागपुरात. सर्वेक्षण 'निरुपद्रवी प्राथमिक टप्पा' म्हणून संमतीतून सुटतं, पण न उडालेले सुरुंग जमिनीत राहतात आणि त्या भागात शिकारीला जाणं बंद होतं. म्हणून संमतीची तारीख सर्वेक्षणाच्या तारखेच्या आधीची आहे का, हे बघा.

आपल्याकडे याला समांतर ओडिशातला नियमगिरी डोंगर आहे: २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा सभांनी बॉक्साइट नाकारलं. तिथे डोंगराची पूजा हा 'भावनेचा' रकाना नव्हता, वनहक्क कायद्यातला हक्क होता. संस्कृती तक्त्यात आणायची ती अशी, हक्क म्हणून. गुण म्हणून आणली की दहापैकी साडेसहा मिळतात आणि तेल जिंकतं.

---

खोदकाम्या

नळाचं राहिलं होतं. गळती पकडणारी संगणकी यंत्रणा आत गेलेलं आणि बाहेर आलेलं तेल ताडून बघते. मापकांच्या चुकीमुळे साधारण एक टक्क्याच्या आतली तफावत ती गळती मानत नाही. ५५,००० चा एक टक्का ५५० बॅरल, म्हणजे दिवसाला सुमारे ८७,००० लिटर गळूनही पडद्यावर हिरवा दिवा राहू शकतो. म्हणून माणसाने चालत फिरणं, नदी ओलांडताना दोन्ही काठांना झडपा आणि नळाच्या आतून फिरणारं तपासणीचं यंत्र, तिन्ही लागतात. अहवालात 'अत्याधुनिक प्रणाली' असं लिहिलं असेल तर किमान पकड किती टक्के ते विचारा.

आणि नळ उद्यानाच्या हद्दीत संपत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कोका नदीवरचा सान राफाएल धबधबा कोसळला, मग नदीचं पात्र उगमाच्या दिशेने खचत गेलं आणि ७ एप्रिलला दोन्ही मोठे तेलनळ एकदम तुटले. हजारो बॅरल तेल खाली नापोपर्यंत गेलं, काठच्या किच्वा गावांचं पाणी आणि मासळी गेली. दोन महिने आधी धबधबा पडलेला सगळ्यांनी पाहिला होता, तरी नळ हलवला नव्हता. आपल्याकडे त्याच वर्षी २७ मे ला आसामात बागजानची विहीर फुटली, दिब्रू-सैखोवा उद्यानाला लागून. ९ जूनला पेटली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. विहीर उद्यानाबाहेरच होती.

तिसरा प्रश्न. आयटीटीत २४७ विहिरी. बुजवायची म्हणजे तोटी बंद करणं नाही. आधी रिग (खोदाईचं मोठं यंत्र) आणून आतला विजेचा पंप आणि नळी उपसायची. तेल येणाऱ्या छिद्रांच्या वर यांत्रिक डाट बसवायचा, त्यावर किमान ३० मीटर सिमेंट. सात इंची केसिंगमध्ये (विहिरीच्या पोलादी अस्तरनळीत) ते सुमारे ०.६ घनमीटर होतं, म्हणजे ४३ किलोच्या वीसेक गोण्या. डाट न लावता नुसतं सिमेंट ओतलं तर ते हलक्या द्रवातून खाली घसरतं आणि वर पोकळी राहते. घट्ट झालं की वरून वजन टेकवून आणि दाब देऊन तपासायचं. मग गोड्या पाण्याच्या थराच्या तोंडाशी दुसरा थर, पृष्ठभागाजवळ तिसरा, शेवटी केसिंग जमिनीखाली दीड-दोन मीटरवर कापून झाकण. खरी भीती आतल्या बाजूची नसते, केसिंग आणि खडकाच्या मधल्या फटीची असते. तिथलं मूळ सिमेंट तुटकं असेल तर खारं पाणी बाहेरून वर चढतं. त्यासाठी आधी ध्वनिलहरींची तपासणी आणि लागेल तिथे केसिंगला भोकं पाडून सिमेंट दाबायचं.

एका विहिरीला पाच दिवस धरले तर १,२३५ रिग-दिवस. दोन रिग अखंड चालल्या तरी वीस महिने. न्यायालयाने एक वर्ष दिलं होतं, ते तांत्रिकदृष्ट्या ताणलेलं होतं. पण सरकारची २०२९ पर्यंतची योजनाही ढिली आहे: पहिली विहीर ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केली, पाच वर्षांत २४७ म्हणजे आठवड्याला एकच. एका रिगला जमेल इतकंच काम. दरम्यान उरलेल्या विहिरी तेल देत राहतात, हे लक्षात घ्या.

---

गोरेवाडा_काठ

मनापासून आभार. म्हणजे आधी दोन दारं (संपर्कहीन लोक, संमती), ती उघडी असतील तरच तराजू, आणि तराजूत रस्ता, पाणी, शिकार, नळाचा पूर्ण मार्ग, तीन वटाव दर, स्थानिक उत्पन्नाची ओळ. आंतरअमेरिकी न्यायालयाचा तागाएरी-तारोमेनाने निकालही (सप्टेंबर २०२४ चा, मार्च २०२५ मध्ये कळवलेला) पहिल्या दारापाशी लावतोय, कारण त्यात २०२३ चा कौल अमलात आणायला सांगितलंय.

बंद करण्याच्या ओळीत एक शंका: सालई ताई म्हणतात तसं रस्ता हाच खरा धोका असेल, तर आधी पूल काढावेत का?

---

सालई_सागवान

हो, पूल आणि मोऱ्या पहिल्या. नुसता नाका लावून रस्ता बंद होत नाही, दोन वर्षांत नाक्यावरचा माणूस जातो आणि मोटरसायकली सुरू होतात. ओढ्यावरचा पूल काढला की वाहन थांबतं. खडी उचलून दाबलेली माती नांगरा आणि तिथलीच रोपं येऊ द्या. झटपट हिरवळीसाठी परदेशी गवत लावू नका, ते झाडांना वर येऊ देत नाही आणि वाळलं की पेटतं.

---

खोदकाम्या

पूल आधी काढले तर रिग कशी नेणार, ताई? सत्तर-ऐंशी ट्रकचं सामान असतं ते. क्रम असा ठेवा: सर्वांत लांबच्या पॅडपासून सुरुवात. त्यावरच्या सगळ्या विहिरी बुजवा, नळ पाण्याने धुऊन मग नायट्रोजनने कोरडा करा, रिग अलीकडच्या पॅडवर आणा आणि मागचा पूल त्याच आठवड्यात काढा. असं माघारी येत येत नदीपर्यंत. फक्त पाणी दाबायच्या विहिरी बुजवायची घाई नको. नळ आणि टाक्या धुतल्यावर निघणारं तेलकट पाणी कुठेतरी दाबावं लागतंच, म्हणून तशा दोन विहिरी नदीजवळच्या पॅडवर शेवटपर्यंत चालू ठेवा.

---

सालई_सागवान

हे चालेल. मात्र 'त्याच आठवड्यात' हे शब्द करारात जसेच्या तसे हवेत, आणि पूल काढल्याशिवाय पुढच्या पॅडचं देयक निघायला नको.